ओळखीची गोष्ट, बदललेला शब्द

लहान मुलांना गोष्टी आवडतात, हे विधान इतके सर्वमान्य आहे की त्यावर लेख लिहिण्याचे काही कारण नाही. परंतु गोष्ट आवडणे आणि गोष्ट वाचता येणे ह्या दोन निरनिराळ्या बाबी आहेत, आणि पहिलीतून दुसरी आपोआप निपजते हा समज मात्र तपासून पाहण्यासारखा आहे. गेल्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजनेच्या निमित्ताने पारोळ्याजवळच्या एका खेड्यातील प्राथमिक शाळेत आम्ही काही विद्यार्थिनी दर बुधवारी दुपारी पहिली-दुसरीच्या मुलांबरोबर वाचन करण्यासाठी जात होतो. तेथे जे दिसले आणि त्यावरून जे सुचले, ते येथे मांडत आहे.

दुसरीतला एक मुलगा 'म्हातारी आणि भोपळा' ही गोष्ट पुस्तक हाती धरून घडाघडा वाचत असे. बोट ओळींवरून फिरे, आवाज चढे-उतरे, वाघ आला की त्याचे डोळे मोठे होत. परंतु बोट तिसऱ्या ओळीवर आणि तोंड पाचव्या ओळीवर, असा प्रकार होता. पान उलटायचे राहिले तरी गोष्ट पुढे चालूच राही! त्याच वर्गातील एका मुलीची तऱ्हा नेमकी उलट. ती प्रत्येक अक्षरावर बोट ठेवी, काना-मात्रा चुकवीत नसे, आणि 'म्हा-ता-री-नि-घा-ली' असे वाचून झाल्यावर कोण निघाले असे विचारले तर गप्प बसे. एकाजवळ गोष्ट होती, अक्षरे नव्हती. दुसरीजवळ अक्षरे होती, गोष्ट नव्हती. आपल्या प्राथमिक शाळांतील वाचनाचा सारा प्रश्न ह्या दोन मुलांमध्ये सामावलेला आहे, असे मला वाटते. पहिल्याला सगळे हुशार म्हणतात आणि दुसरीला कच्ची. प्रत्यक्षात दोघेही वाचनाच्या उंबरठ्यावरच उभे असतात.

ह्या दोघांना एकत्र आणण्यासाठी आम्ही जे केले ते फार साधे होते. ओळखीची गोष्ट घ्यायची, तिच्यातील एकच गोष्ट बदलायची, आणि ती मोठ्या अक्षरांत लिहून मुलांबरोबर मोठ्याने वाचायची. जुन्या दिनदर्शिकेची पाने उलटी करून त्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही जाड अक्षरांत मजकूर लिहिला. पहिल्या बुधवारी म्हातारीची मूळ गोष्ट वाचली. पुढच्या बुधवारी तीच गोष्ट पुन्हा टांगली. फक्त भोपळ्याच्या जागी वांगे लिहिले. भरिताचे वांगे, अर्थात. खानदेशातील मुलांना दुसरे कोणते सुचणार?

आपला पाठांतरपटू नेहमीप्रमाणे पुढे धावला आणि लेकीने आईला भोपळ्यात बसवले, असे मोठ्याने म्हणाला. मी छडी कागदावर त्याच शब्दापाशी धरून थांबले. काही बोलले नाही. मागून कोणीतरी म्हणाले, "ताई, आठे चुकी गयं!" मग त्या मुलाने पहिल्यांदाच खाली, म्हणजे कागदाकडे, नीट पाहिले. 'भो' नाही. 'वां' आहे. त्यावरचा अनुस्वार पाहिला, 'गे' पाहिले, आणि तो इतका हसला की पुढची दोन वाक्ये कोणालाच ऐकू आली नाहीत. अक्षरे एकेक करून लावणारी ती मुलगी मात्र हसण्यापूर्वी पुन्हा एकदा तो शब्द वाचीत होती. तिला म्हातारी वांग्यात कशी मावेल हा प्रश्न पडला होता. म्हणजेच म्हातारी कोण हे तिला आता ठाऊक झाले होते.

ह्या लहानशा प्रसंगाचा अर्थ मी असा लावते. नवशिके मूल वाचताना सतत अंदाज बांधीत असते. पुढे काय येणार हे चित्रावरून, आठवणीवरून, वाक्याच्या ओघावरून ते ठरवते. ह्यात वाईट काही नाही. आपण मोठी माणसेही तसेच करतो. परंतु अंदाज नेहमीच बरोबर ठरत गेला तर डोळ्यांना कामच उरत नाही. उलट अनोळखी मजकुरात अंदाज बांधायला आधारच नसतो, आणि मूल अक्षरांच्या ढिगाऱ्यात अडकून पडते. बदललेल्या गोष्टीत अंदाज बांधता येतो आणि तो एका ठराविक जागी फसतो. फसला की मुलाला कागदाकडे परत यावे लागते, आणि तेही शिक्षेच्या भयाने नव्हे, तर गंमत काय आहे ते कळावे म्हणून.

मराठी भाषेने ह्या कामी आपल्याला एक मोठी सोय करून दिली आहे, तिच्याकडे शिक्षकांचे लक्ष जावे असे वाटते. पुढे एकदा आम्ही म्हातारीचा म्हातारा केला. बदल केवढा? एक वेलांटी गेली आणि काना आला. पण मराठीत कर्त्याचे लिंग बदलले की क्रियापदही बदलते. 'निघाली'चे 'निघाला' झाले, 'म्हणाली'चे 'म्हणाला' झाले, 'घाबरली'चे 'घाबरला' झाले. त्यामुळे प्रत्येक वाक्याच्या शेवटी मुलांची जीभ सवयीने 'ली'कडे वळे आणि डोळे तिला मागे ओढून 'ला' म्हणायला लावीत. काना आणि वेलांटी ह्यांतील फरक शिकविण्यासाठी पाटीभर अक्षरे गिरवून घेतली जातात. तेच काम येथे एका म्हाताऱ्याने हसतखेळत केले.

सर्वांत रंगली ती चिमणी-कावळ्याची गोष्ट. मूळ गोष्टीत कावळ्याचे घर शेणाचे असते, चिमणीचे मेणाचे. पावसात शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा चिमणीचे दार ठोठावतो. आम्ही त्यात पावसाच्या जागी ऊन घातले. मे महिन्यात आपल्या जिल्ह्यात पारा 44-45 अंशांपर्यंत चढतो हे येथल्या कोणाला सांगायला नको. तेव्हा वैशाखातल्या एका दुपारी चिमणीचे मेणाचे घर वितळू लागले, आणि कावळा मात्र शेणाने सारवलेल्या गार घरात स्वस्थ पडला होता! आता दार ठोठावण्याची पाळी चिमणीची. शेण आणि मेण ह्या शब्दांत अंतर एका अक्षराचे. ती दोन अक्षरे मुलांनी त्या दिवशी किती वेळा निरखून पाहिली असतील ते मोजणे कठीण आहे.

गोष्टीचा शेवट आम्ही मुद्दामच लिहिला नव्हता. कावळ्याने दार उघडावे की नाही, ह्यावर वर्गात दोन तट पडले. मूळ गोष्टीत चिमणीने बाळाची एकेक सबब सांगून कावळ्याला बाहेर तिष्ठत ठेवले होते, म्हणून कावळ्यानेही तेच करावे, असे मुलांचे बहुमत. अक्षरे लावणारी ती मुलगी मात्र उठली, कागदापाशी आली, आणि शेवटच्या ओळीखाली बोट ठेवून कावळ्याच्या वतीने म्हणाली, "मन्हा घरमा ये." मी ते तसेच्या तसे खडूने फळ्यावर लिहिले. स्वतःचे बोलणे फळ्यावर उमटलेले तिने ह्यापूर्वी पाहिले नसावे. ते तिने न अडखळता वाचले.

येथे अहिराणीचा प्रश्न येतो, आणि तो टाळून आपल्या भागातील वाचनाविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्या घरात 'कावया' असतो, पुस्तकात 'कावळा'. घरात 'डोया', पुस्तकात 'डोळा'. घरात 'पानी', पुस्तकात 'पाणी'. मूल 'कावळा' हे अक्षर-अक्षर पाहून 'कावया' असे म्हणते तेव्हा ते चुकले, असे आपण सर्रास धरतो. मला हे मान्य नाही. ज्याने छापील शब्द पाहिला, ओळखला, त्यातला पक्षी मनात आणला आणि घरच्या उच्चारात तो आपल्यापुढे ठेवला, त्याने वाचले. उलट 'का-व-ळा' असे शुद्ध उच्चारून ज्याच्या मनात कोणताच पक्षी उडाला नाही, त्याचे वाचन अजून व्हायचे आहे. 'ळ' शिकवायचा, अवश्य शिकवायचा. परंतु गोष्ट ऐन रंगात असताना मध्येच थांबवून नव्हे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात घरच्या भाषेतून शिक्षणावर भर आहे, आणि 2021 साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' कार्यक्रमात तिसरी संपेपर्यंत मुलाला अर्थासह वाचता आले पाहिजे असे उद्दिष्ट ठेवलेले आहे. त्यातील 'अर्थासह' हा शब्द आपण किती गंभीरपणे घेतो, त्यावर बरेच अवलंबून आहे.

गोष्टींची अशी मोडतोड करणे म्हणजे परंपरेचा अवमान, असा आक्षेप आमच्याच वर्गातील एका मित्राने घेतला. त्याच्यासाठी थोडा इतिहास. शार्ल पेरो ह्या फ्रेंच लेखकाने 1697 साली लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट छापली, तेव्हा लांडगा तिला खातो आणि गोष्ट संपते. 1812 साली ग्रिम बंधूंच्या संग्रहात शिकारी येतो आणि तिला लांडग्याच्या पोटातून बाहेर काढतो. ह्यातली खरी कोणती? आपल्याकडे सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांनी 1828 साली 'इसपनीतिकथा' मराठीत आणल्या, त्याही इंग्रजीच्या वाटेने. आणि दूर कशाला जावे? जवळच्याच अमळनेरात 1924 ते 1930 ह्या काळात शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी पुढे जॉर्ज एलियटची 'सायलस मार्नर' ही इंग्रजी कादंबरी 'मनूबाबा' ह्या नावाने मुलांना सांगितली. गुरुजींचे रूपांतर खेळकर नाही, ते हळवे आहे. पण परकी गोष्ट आपल्या मुलांच्या ओळखीची करून देण्याचा अधिकार त्यांनी निःशंकपणे घेतला. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या'तील चेटकिणीला पाहून मुले घाबरण्याऐवजी खो-खो हसतात, ह्यातही परीकथेची उलटापालटच आहे.

मुद्दाम चुकवलेल्या गोष्टीचे मर्म जियान्नी रोदारी ह्या इटालियन लेखकाने फार छान ओळखले होते. तो स्वतः काही काळ प्राथमिक शिक्षक होता आणि 1970 साली त्याला बालसाहित्याचे अँडरसन पदक मिळाले. त्याच्या 1962 च्या कथासंग्रहात एक आजोबा नातीला लाल टोपीवाल्या मुलीची गोष्ट सांगताना टोपीचा रंगच चुकवतात, आणि नात त्यांना पावलोपावली दुरुस्त करीत जाते. ज्याला दुरुस्त करता येते तो त्या गोष्टीचा मालक झाला, हे ह्यातले रहस्य. वर्गात आजवर दुरुस्त करण्याचा अधिकार फक्त शिक्षकाकडे असतो. तो घटकाभर मुलांच्या हाती गेला की मागच्या बस्करावर बसणाऱ्यांचाही आवाज फुटतो.

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळले पाहिजे. मूळ गोष्ट मुलाच्या कानात पक्की बसल्यावाचून बदललेली गोष्ट त्याच्यापुढे ठेवू नये. जॉन शेस्का ह्या अमेरिकन लेखकाने 1989 साली तीन डुकरांची गोष्ट लांडग्याच्या तोंडून सांगितली. त्या पुस्तकाचे मोठे कौतुक झाले. पण ज्या मुलाने तीन डुकरांची गोष्ट कधी ऐकलीच नाही, त्याला लांडग्याची कैफियत ऐकून काय हसू येणार? तसे पुस्तक भाषांतर करून खेड्यातील शाळेत पाठवले म्हणजे वाचनाची गोडी लागेल ही कल्पना मला भाबडी वाटते. आपल्या मुलांच्या आजीने अहिराणीत सांगितलेली गोष्ट हीच त्यांची मूळ गोष्ट. आम्ही म्हणून प्रत्येक वेळी आधी विचारीत असू: ही गोष्ट तुमच्या घरी कशी सांगतात? एकाच गावात म्हातारीच्या वाटेवर कोणाच्या घरी अस्वल होते, कोणाच्या घरी कोल्हा.

दुसरे असे की बदल एका वेळी एकच असावा. भोपळाही बदलला, म्हातारीही बदलली आणि वाघाच्या जागी फौजदार आणला, तर मोठ्यांना मौज वाटते आणि मुले गोंधळतात. हल्लीच्या पुष्कळ विनोदी परीकथांतला विनोद मुलांच्या डोक्यावरून शेजारच्या मोठ्या माणसाकडे पाहून केलेला असतो. मुलांनी तो ऐकून घ्यायचा, एवढेच. आणि वाचणाऱ्याने आधीच हसू नये. बदललेल्या शब्दापाशी आपला आवाज नेहमीसारखाच ठेवला तर शोध लावण्याचा आनंद मुलांचा राहतो.

आमचा क्रम साधारण असा ठरून गेला होता. पहिल्यांदा मी एकटी वाची आणि छडी शब्दाशब्दाखालून सरके. दुसऱ्यांदा पुन्हा पुन्हा येणारे वाक्य सगळी मुले म्हणत, उरलेले मी. तिसऱ्यांदा ज्याला वाटेल त्याने उठावे आणि एक ओळ वाचावी. कोणाचे नाव पुकारायचे नाही. ह्याला वीस मिनिटे पुरत. मग कागद खाली उतरवून मुलांच्या ताब्यात दिला जाई, आणि खरे वाचन तेव्हाच होई, कारण पाचसहा डोकी एका कागदावर वाकून प्रत्येक शब्दावर भांडत असत.

डिसेंबरपासून मुलांनी स्वतः बदल सुचवायला सुरुवात केली. म्हातारी एस.टी.ने लेकीकडे जाते आणि वाघ थांब्यावर तिची वाट पाहतो, ही गोष्ट दुसरीतल्या मुलांनी तोंडी सांगितली, आम्ही लिहून घेतली, आणि पहिलीच्या वर्गात त्यांनीच ती वाचून दाखवली. माकड आणि मगर ह्यांची पंचतंत्रातील गोष्ट मात्र अजून अडून राहिली आहे. मगरीला बोरी नदीत आणावे असे ठरले होते. पण उन्हाळ्यात बोरीला पाणी नसते, मग मगर राहील कोठे, ह्यावर एकमत होईना. काहींच्या मते तिला तापीतच ठेवावे आणि माकडाने अमळनेरहून गाडी पकडावी. तेवढा मजकूर लिहून झाला आहे. पुढचे वाक्य कोणी सांगायचे, हे येत्या बुधवारी ठरेल.