बटण दाबलं की वाचा, ऐकलं की म्हणून दाखवा

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये राहणाऱ्या आम्हा नोकरदारांचा दिवस ऑफिसच्या स्क्रीनसमोर जातो. रात्री जेवणं आटोपली की आमच्यातले काहीजण पुन्हा स्क्रीनसमोर बसतात, पण विमान उडवायला. मी त्यांतलाच एक. फ्लाइट सिम्युलेटरवर एअरबस ए-३२० घेऊन मी व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर उडतो. तिथे कंट्रोलरच्या जागी हौसेने, विनामोबदला बसलेली खरी माणसं असतात आणि आजूबाजूची विमानंही माणसंच चालवत असतात. त्यामुळे तिथला घोळ एकट्यापुरता राहत नाही. नव्याने या छंदात येणाऱ्यांसाठी चार गोष्टी अनुभवातून सांगतो.

मुंबईहून बंगळुरूला येत होतो. उतरायला सुरुवात झाली होती. कंट्रोलरने धावपट्टी बदलली आणि पाठोपाठ हेडिंग, म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा, दिली. मी हेडिंगचा नॉब ओढला, विमान वळलं आणि मी एमसीडीयूच्या, म्हणजे विमानाच्या संगणकाच्या, कीपॅडवर नवी धावपट्टी भरायला लागलो. ते काम संपवून मान वर केली, तेव्हा विमान इतकं उंच राहिलं होतं की त्या फेरीत उतरणं शक्यच नव्हतं. कंट्रोलरला मला पुन्हा फिरवून आणावं लागलं आणि मागून येणाऱ्या विमानांची सगळी रांग विस्कटली.

झालं होतं ते असं. ए-३२० आखलेल्या मार्गावर असतं तोवर किती वेगाने खाली यायचं ते संगणक ठरवतो. तुम्ही हेडिंग हातात घेतलंत की विमान त्या मार्गावरून सुटतं आणि उतरण्याचा 'डिसेंट' मोड जाऊन 'व्हर्टिकल स्पीड' मोड येतो. त्या क्षणी जो दर असेल, तोच पुढे चालू राहतो. माझं विमान तेव्हा वेग कमी करत होतं, म्हणून मिनिटाला जेमतेम हजार फूट उतरत होतं. तेवढंच ते उतरत राहिलं. मार्गावरच्या बिंदूंना दिलेल्या उंचीच्या अटीही अशा वेळी संगणक पाळत नाही. हा बिघाड नाही, विमानाची रचनाच तशी आहे. बदल झाल्याचं विमान सांगतंही. समोरच्या मुख्य पडद्यावर सगळ्यात वरच्या पट्टीत, म्हणजे एफएमएवर, नव्या मोडचं नाव येतं. ते वाचणारं कोणीतरी हवं.

हे वाचणं किती मोलाचं आहे, ते आमच्या बंगळुरूला फार महागात शिकावं लागलं. १४ फेब्रुवारी १९९० रोजी मुंबईहून आलेलं इंडियन एअरलाइन्सचं ६०५ क्रमांकाचं ए-३२० विमान एचएएल विमानतळाच्या धावपट्टीच्या अलीकडे, गोल्फच्या मैदानावर कोसळलं. विमानात १४६ जण होते, त्यांतले ९२ गेले. विमान 'ओपन डिसेंट' मोडमध्ये होतं. या मोडमध्ये इंजिनं आयडलवर, अगदी किमान ताकदीवर जातात. वेग घटत गेला आणि इंजिनांची ताकद वाढवायला उशीर झाला. मिनिटाला ७०० फूट हा उतरण्याचा दर लावायचा होता, पण शेजारचा उंचीचा नॉब फिरून ७०० फूट उंची लागली असावी, अशी शक्यता चौकशीत पुढे आली. आपण सिम्युलेटरवर तेच दोन नॉब, तितकेच शेजारी-शेजारी, रोज फिरवतो. म्हणून पहिला नियम: नॉब फिरवला किंवा बटण दाबलं की वरची पट्टी मोठ्याने वाचायची. खोलीत एकटे असलात तरी.

दुसरं, संगणक जमिनीवरच नीट भरा. इनिट पान, मार्ग, वजन, इंधन, सगळं गेट सोडण्यापूर्वी झालं पाहिजे. मग प्लॅन मोडमध्ये नकाशावर एकेक बिंदू सरकवत पूर्ण मार्ग बघा. मध्ये कुठे 'डिसकंटिन्युइटी', म्हणजे मार्गात खंड, राहिली असेल, तर विमान तिथपर्यंत मार्ग पाळेल आणि पुढे आहे त्याच दिशेने सरळ जात राहील. एकाच नावाचे अनेक बिंदू समोर आले, तर अंतर बघूनच निवडा. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियात काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचं बोइंग ७५७ डोंगरावर आदळलं आणि १५९ जण दगावले. वैमानिकांना 'रोझो' हे जवळचं रेडिओ केंद्र हवं होतं, पण संगणकात नुसतं 'आर' टाकल्यावर बोगोटाजवळचं 'रोमिओ' निवडलं गेलं आणि विमान भलतीकडे वळलं.

तिसरं, उतरण्याचा हिशेब स्वतः करा. बंगळुरूचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर आहे. मुंबईच्या सवयीने उडणारा इथे हमखास फसतो. उंचीमापक ४,००० दाखवत असेल, तर खाली जमीन फक्त हजार फुटांवर असते. जितके हजार फूट उतरायचे, त्याला तीनने गुणा. तितके नॉटिकल मैल आधी उतरायला लागा. ३५,००० वरून येताना ३२ हजार फूट उतरायचे, म्हणजे साधारण ९६ मैल. वेग कमी करायला आणखी थोडे मैल हाताशी ठेवा. हा आकडा डोक्यात असला की संगणक कुठे अडला ते लगेच कळतं.

चौथं रेडिओचं. नुसतं 'रॉजर' म्हणणं पुरेसं नाही. उंची, हेडिंग, वेग, धावपट्टी, स्क्वॉक कोड, क्यूएनएच म्हणजे हवेचा दाब, नवी फ्रिक्वेन्सी, जे मिळालं ते आकड्यांसकट परत म्हणून दाखवा. १९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ फ्लाइंग टायगरच्या मालवाहू बोइंग ७४७ ला २,४०० फुटांवर उतरायला सांगितलं होतं. इंग्रजीत 'टू' म्हणजे दोनही आणि 'पर्यंत'ही. वैमानिकांनी ते ४०० ऐकलं, तसंच परत म्हटलं आणि कंट्रोलरने दुरुस्त केलं नाही. विमान टेकडीवर आदळलं, चौघेही गेले. तेव्हा परत म्हणताना उंची 'थाउजंड', 'हंड्रेड' या शब्दांसकट पूर्ण म्हणा आणि समोरून येणारं उत्तर कान देऊन ऐका. शंका आली तर 'से अगेन' म्हणायला लाजू नका.

उतरताना धावपट्टी बदलली, तर आधी दिलेलं हेडिंग आणि उंची लावा, पट्टी वाचा, विमान स्थिर करा, आणि मगच कीपॅडकडे वळा. वेळ कमी पडत असेल तर कंट्रोलरला 'स्टँडबाय' म्हणा. जमणारच नसेल तर 'अनेबल' म्हणा. हे शब्द खऱ्या वैमानिकांसाठीही आहेत आणि ते वापरण्यात काही कमीपणा नाही. पलीकडे बसलेला माणूस स्वतःची संध्याकाळ खर्चून आपल्याला वाट दाखवतो. पुन्हा सांगायला त्याला दोन सेकंद लागतात, विस्कटलेली रांग सावरायला पाव तास. नेटवर्कवर जाण्याआधी निदान एकदा सगळं उड्डाण ऑफलाइन, मोठ्याने बोलत पूर्ण करा, आणि मगच माइक हातात घ्या.