नळी नेमकी कोठे पोहोचली?

अत्यवस्थ मुलाला तोंडाने खाता येत नाही, तेव्हा त्याच्या नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेमार्गे जठरापर्यंत सरकवतात आणि तिच्यातून दूध देतात. पण घशात दोन वाटा आहेत. नळी चुकून श्वासनलिकेत शिरली आणि दूध फुप्फुसात गेले, तर जिवावरच बेतते. म्हणून दूध सोडण्यापूर्वी नळीची जागा तपासावीच लागते.

नळीतून थोडी हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोपने आवाज ऐकणे, ही जुनी रीत. ती फसवी आहे. कारण फुप्फुसात सुटलेल्या हवेचा आवाजही पोटावर ऐकू येऊ शकतो. क्ष-किरण चित्र खात्रीचे. पण त्याला वेळ लागतो आणि दर वेळी मुलाच्या अंगावर क्ष-किरण पडतात.

मग ध्वनीनेच नळी ‘पाहता’ येईल काय? गणित करून पाहू. शरीरातील मऊ ऊतींमध्ये ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. वेगाला कंप्रतेने भागले की तरंगलांबी मिळते. १००० हर्ट्झ कंप्रतेच्या ध्वनीची तरंगलांबी १.५४ मीटर येते. दोन मिलिमीटर जाडीची नळी एवढ्या लांब तरंगाला काय अडवणार? मात्र कंप्रता ५० लाख हर्ट्झ घेतली, तर तरंगलांबी केवळ ०.३ मिलिमीटर होते. हा श्राव्यातीत ध्वनी नळीवरून परततो.

सोनोग्राफी यंत्र हा प्रतिध्वनी टिपते. नळी ४ सेंटिमीटर खोल असेल, तर जाऊन-येऊन ८ सेंटिमीटर अंतराला सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या सुमारे ५२ पट वेळ लागतो. या वेळेवरून यंत्र खोली काढते. पडद्यावर नळीच्या भिंती दोन समांतर, चकाकत्या रेघांसारख्या दिसतात. डॉक्टर त्या आधी मानेत, श्वासनलिकेच्या मागे व बहुधा डावीकडे असलेल्या अन्ननलिकेत शोधतात, मग जठरात.

यात एक अडचण आहे. ऊती व हवा यांच्या सीमेवरून जवळजवळ सर्व ध्वनी मागे फिरतो. पोटात वायू असेल, तर त्यामागची नळी झाकली जाते. म्हणून नळी जठरात स्पष्ट दिसली, तर ती तेथे आहे. पण दिसली नाही, एवढ्यावरून ती तेथे नाही असे म्हणता येत नाही. अशा वेळी दूध थांबवून क्ष-किरण चित्रच काढावे लागते.

आता तुम्ही सांगा : नळी ६ सेंटिमीटर खोल असेल, तर प्रतिध्वनी किती वेळाने परतेल?