दिव्यावरचे पाहुणे

मुलामुलींनो, उर्दूच्या तासाला शमा आणि परवाना या जोडीची ओळख तुम्हांला केव्हाच झालेली आहे. शमा जळते आणि परवाना तिच्याभोवती फिरत फिरत जीव देतो. मराठीच्या तासाला मात्र हाच शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो. मराठीत ‘परवाना’ म्हणजे सरकारने दिलेली लेखी परवानगी. दुकानाचा परवाना असतो, गाडी चालवण्याचा परवाना असतो. उर्दूतल्या परवान्याला मराठीत ‘पतंग’ म्हणतात. आता पतंग म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे मांजा आणि फिरकी येणार! मराठीत दोघांनाही एकच शब्द आहे. कोणता पतंग ते वाक्यावरून ओळखायचे. या पाठातल्या पतंगाला दोरी नाही.

पतंग हा फुलपाखराचा, म्हणजे तुमच्या तितलीचा, भाऊबंद. फुलपाखरू दिवसा उडते, तर बहुतेक पतंग रात्री उडतात. पण दिवसा उडणारे पतंगही आहेत, म्हणून ओळखण्याची खूण डोक्यावर पाहावी. फुलपाखराच्या स्पर्शिकांच्या, म्हणजे डोक्यावरच्या दोन मिशांच्या, टोकाला लहानशी गाठ असते. पतंगाच्या स्पर्शिका दोऱ्यासारख्या किंवा पिसासारख्या असतात. भारतात फुलपाखरांच्या १,३०० हून अधिक जाती आहेत. पतंगांच्या १०,००० हून अधिक. तरीही आपल्याला दहा फुलपाखरे ओळखता येतील, पतंग एकही नाही. ते येतात तेव्हा आपण झोपलेले असतो, एवढेच त्याचे कारण.

माझ्या नानीचे घर कर्जत तालुक्यात, कशेळ्याच्या पुढे एका लहान गावात आहे. मागे डोंगर, पुढे भाताची खाचरे. उन्हाळ्याच्या सुट्टीचे शेवटचे दिवस आम्ही तिथे घालवतो. जूनच्या सुरुवातीला एखाद्या संध्याकाळी पहिला पाऊस येतो, माती भिजते आणि रानात झोपलेले सारे काही जागे होते. झाडांवर काजवे लुकलुकतात, रातवा नावाचा पक्षी लाकडावर ठोकल्यासारखा आवाज काढतो. अशाच एका सुट्टीत घरातल्या मुलांना घेऊन मी पतंग पाहण्याचे ठरवले.

त्यासाठी फारसे काही लागत नाही. नानीच्या पेटीतली एक जुनी पांढरी चादर आम्ही पडवीचा खांब आणि जांभळाचे झाड यांच्यामध्ये दोरीवर वाळत घातल्यासारखी टांगली. तिच्यासमोर एक दिवा लावला. पहिल्या दिवशी दिवा साधा पिवळा होता, त्यामुळे पाहुणे थोडेच आले. दुसऱ्या दिवशी पांढऱ्या प्रकाशाची नळी लावली, तेव्हा गर्दी झाली. आपल्या डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण पतंगांना दिसतात. ज्या दिव्यात निळसर आणि अतिनील प्रकाश जास्त, त्याच्याकडे ते जास्त येतात. अभ्यासक यासाठी पाऱ्याच्या वाफेचा दिवा वापरतात. पण त्याचा प्रकाश डोळ्यांना बाधतो, म्हणून तुम्ही तो वापरू नका. आकाशात चांदणे नसावे, हवा दमट आणि उबदार असावी, वारा नसावा. ढगाळ अमावास्येची रात्र मिळाली तर उत्तमच.

आधी पंख फुटलेल्या वाळवीचे थवे आले, मग बारीक तपकिरी पतंग. मुले कंटाळणार तोच चादरीवर एक मोठा पतंग येऊन बसला. त्याच्या अंगावर हिरव्या रंगाच्या इतक्या छटा होत्या की जणू कोणी संगमरवराला हिरवा रंग दिला असावा. हा कण्हेरीवरचा पतंग. त्याची अळी कण्हेरीची आणि तगरीची पाने खाते. तिला हात लावला तर ती मान आत ओढते आणि अंगावरचे दोन निळे-पांढरे ठिपके डोळे वटारल्यासारखे दाखवते. नानीच्या अंगणात कण्हेर होतीच. म्हणजे हा पाहुणा दुरून आलेला नव्हता, घरचाच होता!

रात्री दहाच्या सुमारास चांद्रपतंग आला. फिकट पोपटी रंग, प्रत्येक पंखावर चंद्रकोरीसारखी खूण आणि मागे दोन लांब शेपट्या. घरातली सगळी माणसे उठून पाहायला आली. मोठेपणी या पतंगाला अन्न खाता येत नाही. अळी असताना जे खाल्ले त्यावर तो थोडे दिवस जगतो, तेवढ्यात मादी अंडी घालते आणि जीवन संपते. त्याच्या शेपट्या केवळ शोभेच्या नाहीत. वटवाघूळ आवाज करते आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून शिकार शोधते. या जातीच्या एका अमेरिकन भावंडावर तिथल्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आणि २०१५ साली दाखवून दिले की फिरणाऱ्या शेपट्यांच्या प्रतिध्वनीने वटवाघूळ फसते. ते शेपटीवर झडप घालते आणि पतंग निसटतो. सह्याद्रीच्या रानात याहून मोठा ॲटलास पतंगही आहे. पंख पसरले की तो जवळजवळ वीतभर नव्हे, फूटभर रुंद दिसतो आणि पंखांची टोके सापाच्या डोक्यासारखी वाटतात. तो आम्हांला अजून भेटलेला नाही.

पंखांवरची भुकटी डोळ्यांत गेली की माणूस आंधळा होतो, असे गावात सांगतात. ते खरे नाही. ती भुकटी म्हणजे पंखांवरचे बारीक खवले असतात आणि पतंगाचे रंग त्यांच्यामुळेच असतात. पंख हातात धरले तर खवले झडतात, म्हणून पतंगाला धरू नये. तुमच्यासाठी नव्हे, त्याच्यासाठी. केसाळ सुरवंटाला मात्र खरोखरच दूर ठेवा. त्याच्या केसांनी अंगाला खाज सुटते.

त्या रात्री आम्ही खूप उशिरा झोपलो. पांघरुणात शिरताना मला वाटले, दिवा राहू द्यावा, पहाटे आणखी पाहुणे दिसतील. फजरच्या नमाजासाठी उठलो तेव्हा दिवा जळतच होता. उजाडताच अंगणात कोतवाल आणि बुलबुल उतरले. चादरीवर बसलेले पतंग ते एकेक करून उचलत होते. भिंतीवर पाली फुगून बसल्या होत्या. चादरीखाली बेडूक. आणि जमिनीवर नुसते पंख, सुटे पंख. मुंग्या ते ओढून नेत होत्या. त्यांत एक पोपटी पंख होता, लांब शेपटीचा. माझ्या लहान भाचीने तो उचलला आणि ती रडू लागली. ‘‘मामू, आपणच त्यांना बोलावलं ना?’’ तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. नानी दारातूनच म्हणाली, ‘‘पाहुण्याला बोलावून रात्रभर उभं ठेवतं का कुणी?’’

मग मी याचा शोध घेऊ लागलो की पतंग दिव्याकडे येतो तरी का? शायर म्हणतात तो आशिक आहे. पूर्वीचे अभ्यासक म्हणत, त्याला उष्णता हवी असते, किंवा तो दिव्याला चंद्र समजतो. यश सोंधी, सॅम्युएल फेबियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिवेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवती उडणाऱ्या कीटकांचे चित्रण केले. हे संशोधन २०२४ साली प्रसिद्ध झाले. त्यात असे दिसले की कीटक सरळ दिव्याकडे येतच नाही. उडताना तो आपली पाठ प्रकाशाकडे ठेवतो.

असे का, ते नीट समजून घ्या. रात्रीसुद्धा आकाश जमिनीपेक्षा थोडे उजळ असते. उडणाऱ्या कीटकासाठी ‘जिकडे उजेड तिकडे वर’ हा कोट्यवधी वर्षांचा नियम आहे. पाठ उजेडाकडे ठेवली की त्याचे उडणे सरळ राहते. माणसाने दिवा लावला आणि हा नियम मोडला. कीटक दिव्याजवळून जाताना पाठ दिव्याकडे वळवतो, म्हणून कलतो, कलला की वळतो, वळला की पुन्हा पाठ दिव्याकडे करतो. अशा रीतीने तो घिरट्यांमध्ये अडकतो. दिवा त्याच्या खाली आला तर तो चक्क उलटा होतो आणि खाली कोसळतो. डोक्यावर पांढरा कपडा ताणून त्यावर प्रकाश पसरवला, तेव्हा कीटक सरळ उडत गेले. गंमत अशी की आमच्या कण्हेरीवरच्या पतंगाची जात या प्रयोगात होती आणि ती इतरांसारखी उलटी झाली नाही. असे का, हा प्रश्न तुमच्यापैकी कोणीतरी पुढे सोडवावा. शायरांशी माझे भांडण नाही. परवान्याची कल्पना सुंदरच आहे. पण खरा परवाना दिव्यावर प्रेम करत नाही. त्याला वर कोणते आणि खाली कोणते हेच कळेनासे होते. तो वाट चुकलेला असतो.

तेव्हापासून आम्ही काही गोष्टी बदलल्या. दिवा फक्त दोन तास लावायचा आणि घड्याळ पाहून मालवायचा. मालवल्यावर चादर हलकेच झटकून पतंगांना झुडपांत सोडायचे. एकाच जागी रोज दिवा लावायचा नाही. कधी कधी दिवा लावतच नाही. जास्त पिकलेले केळे आणि गूळ एकत्र कालवून झाडाच्या बुंध्याला लावतो आणि काळोख पडल्यावर विजेरी तिरकी धरून पाहतो. कुजक्या फळांच्या वासाला घुबडाच्या डोळ्यांसारखे ठिपके असलेला मोठा तपकिरी पतंग येतो. इथे तो वाट चुकून येत नाही, जेवायला येतो.

जागा निवडताना मोठ्या माणसांना विचारा. घराच्या अंगणातच दिवा लावा. पावसाळ्यात रात्री ओढ्याकाठी किंवा डोंगराच्या पायथ्याशी जाऊ नका. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली आणि झोपलेली माणसे गाडली गेली, हे आपल्या भागात कोणी विसरलेले नाही.

याच खालापूर तालुक्यात माझे एक चाचा भातशेती करतात. त्यांच्याकडेही पतंगांसाठी दिवा असतो, पण त्यांचे काम वेगळे. भातावर एक पिवळसर लहान पतंग येतो. मादीच्या पुढच्या प्रत्येक पंखावर एक काळा ठिपका असतो. ती पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालते, अळी रोपाच्या खोडात शिरते आणि आतून पोखरते. रोप लहान असेल तर मधला पोंगा सुकतो. लोंबी येताना अळी शिरली तर लोंबी पांढरी आणि पोकळ निघते. हा खोडकिडा. चाचा बांधावर दिवा टांगतात आणि खाली पाण्याचे घमेले ठेवतात. याला प्रकाश सापळा म्हणतात.

मी त्यांना नानीच्या अंगणातली हकीकत सांगितली. ते म्हणाले, ‘‘तुझं खरं आहे. दिवा चोर ओळखत नाही, साव ओळखत नाही. घमेल्यात माझ्या कामाचे किडेही मरतात.’’ मग त्यांनी शेतातली दुसरी वस्तू दाखवली. काठीला अडकवलेली एक पिशवी आणि तिच्या तोंडाशी एक लहान गोळी. हा कामगंध सापळा. गोळीला खोडकिड्याच्या मादीसारखा वास असतो. त्या वासाने फक्त त्याच जातीचे नर येतात, बाकी कोणी नाही. किती नर अडकले ते मोजले की शेतात कीड वाढते आहे की नाही हे कळते. कर्जतला भाताचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र आहे आणि कर्जतचे नाव असलेल्या भाताच्या जाती तिथूनच आल्या आहेत. कोणता सापळा, केव्हा आणि किती, हे चाचा तिथल्या लोकांना विचारून ठरवतात. मला विचाराल तर मला दिव्यापेक्षा ती पिशवी जास्त आवडली.

मोजण्याचे महत्त्व परदेशातही आहे. ब्रिटनमध्ये पुष्कळ कुटुंबे परसात रात्री दिव्याची पेटी ठेवतात. आत अंड्यांचे कागदी ट्रे असतात, पतंग त्यांच्या खळग्यांत शिरून शांत बसतात. सकाळी त्यांची मोजणी होते आणि त्यांना झुडपांत सोडले जाते. लोक सुट्टीवर दुसऱ्या देशात जातानाही अशी पेटी बरोबर नेतात! तिथल्या रोथॅमस्टेड या शेतकी संशोधन संस्थेत १९३३ साली असा सापळा सुरू झाला आणि पुढे देशभर सापळ्यांचे जाळे उभे राहिले. त्या नोंदींवरूनच समजले की १९६८ ते २०१७ या काळात ब्रिटनमधल्या मोठ्या पतंगांची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटली. कोणी वही ठेवली नसती तर हे कळलेच नसते. २०१२ पासून जुलैच्या अखेरीस एक आठवडा पतंगांसाठी पाळला जातो आणि त्यात भारतातले लोकही भाग घेतात.

आमचीही एक वही आहे. तारीख, पाऊस, चांदणे, दिवा केव्हा लावला, केव्हा मालवला, कोण आले. नाव माहीत नसेल तर भाची चित्र काढते. पहिल्या पानावर तिने तो पोपटी पंख चिकटवला आहे. वेळेकडे लक्ष ठेवण्याचे काम नानीने आपणहून घेतले आहे. तसबीह हातात घेऊन ती पडवीत बसते आणि दहा वाजले की हाक मारते, ‘‘चला, आता पाहुण्यांना जाऊ द्या.’’ दिवा मालवतो. काही वेळ काहीच दिसत नाही. मग डोळे काळोखाला सरावतात आणि चादरीवरून एकेक पतंग उठून डोंगराच्या बाजूला जाताना दिसतो.

स्वाध्याय
१. ‘परवाना’ आणि ‘पतंग’ या शब्दांचे उर्दूतील व मराठीतील अर्थ सांगून प्रत्येक अर्थाचे एक वाक्य तयार करा.
२. पतंग दिव्याभोवती घिरट्या का घालतो, ते तुमच्या शब्दांत लिहा.
३. चाचांच्या शेतातल्या दोन सापळ्यांमध्ये कोणता फरक आहे?
४. घराबाहेरच्या दिव्यावर एका संध्याकाळी कोणकोणते कीटक आले, त्याची नोंद करा व ती वर्गात वाचून दाखवा.