घाटवाटेची आखणी

प्रत्येक प्रवास दोन वेळा घडतो. पहिल्यांदा तो घरी बसून, नकाशावर बोट फिरवीत होतो. दुसऱ्यांदा आगगाडीने, मोटारीने किंवा पायी होतो. पहिला प्रवास ज्याने मन लावून केला, त्याचा दुसरा प्रवास सहसा सुखाचा होतो. सपाट मुलखात आखणी थोडी चुकली, तर फार तर एखादी गाडी चुकते. डोंगराळ मुलखात मात्र तीच चूक महागात पडते. म्हणून अशा प्रवासाची आखणी कशी करावी, हे एका प्रत्यक्ष वाटेवरूनच पाहणे बरे. ही वाट म्हणजे रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या गावांवरून महाबळेश्वरास जाणारी घाटवाट होय.

आखणीचा आरंभ भूमीच्या ओळखीपासून करावा. सह्याद्रीच्या पायथ्याशी, सावित्री नदीच्या काठी महाड वसले आहे. येथील चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाण्यावरील समान हक्कासाठी सत्याग्रह केला. महाडपासून सुमारे २५ किलोमीटरांवर छत्रपती शिवाजी महाराजांची राजधानी रायगड उभी आहे. महाडच्या दक्षिणेस पोलादपूर लागते. तेथे वाटा फुटतात : एक वाट कशेडी घाटातून खेडकडे जाते, तर दुसरी पूर्वेकडे वळून आंबेनळी घाट चढू लागते. सावित्री नदी महाबळेश्वरी उगम पावते आणि पोलादपूर, महाड यांवरून वाहत जाऊन बाणकोटच्या खाडीने समुद्रास मिळते. म्हणजे प्रवासी ज्या डोंगरावर चढत असतो, त्याच डोंगरावरून नदी खाली उतरत असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली, की या मुलखाचे निम्मे स्वरूप कळले.

मुंबईहून महाडकडे येण्यास आज आगगाडीची सोय आहे. पण ही सोय फार जुनी नाही. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १८५३ साली धावली. १८६३ साली बोरघाटातून लोहमार्ग वर चढला. महाड तालुक्यातील वीर स्थानकावर मात्र आगगाडी पोहोचण्यास १९९३ साल उजाडले, आणि संपूर्ण कोकण रेल्वे १९९८ साली सुरू झाली. इतका विलंब का लागला? सह्याद्रीच्या सोंडा कोकणात समुद्राकडे धावतात व दोन सोंडांच्या मधून नदी किंवा ओढा वाहतो. दक्षिणेकडे जाणाऱ्या लोहमार्गाला प्रत्येक सोंडेला बोगदा व प्रत्येक नदीला पूल करावा लागला. वीरच्या पुढे सापे-वामणे, करंजाडी व विन्हेरे ही स्थानके लागतात आणि त्यानंतर चार किलोमीटरांहून लांब असा नातूवाडीचा बोगदा येतो. अंधार, मग एकदम उजेड, खाली हिरवी दरी आणि पुन्हा अंधार, असा हा खेळ खिडकीशी बसलेल्या प्रवाशाला रमवून टाकतो. तो पाहावयाचा असेल, तर दिवसाची गाडी निवडावी. शिवाय आपली गाडी वीरला थांबते की नाही, याची अगोदर खात्री करून घ्यावी. कारण सर्वच गाड्या तेथे थांबत नाहीत.

यानंतर अंतराचा हिशेब करावा. पोलादपूर व महाबळेश्वर यांमधील अंतर नकाशावर सरळ रेषेने मोजले, तर ते सुमारे २२ किलोमीटर भरते. रस्त्याने मात्र सुमारे ४० किलोमीटर जावे लागते. उरलेले १८ किलोमीटर वळणांत खर्ची पडतात. ही वळणे निष्कारण नाहीत. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १,३७० मीटर उंच आहे आणि पोलादपूर अगदी पायथ्याशी आहे. सरळ रस्ता केला असता, तर तो कोणत्याही वाहनास चढता आला नसता. रस्ता वळणे घेऊन लांबविला, की चढ सौम्य होतो. तेव्हा घाटात अंतर किती, असे विचारण्यापेक्षा वेळ किती लागेल, असे विचारावे. आणि जो वेळ सांगितला जाईल, त्यात थोडी भर घालूनच पुढचा बेत ठरवावा. अंधार पडण्यापूर्वी घाट संपला पाहिजे, हा नियम सर्वांत आधी लिहून ठेवावा.

स्थळांचा क्रमही विचारपूर्वक लावावा. पहिल्या दिवशी महाडला मुक्काम करावा. दुसऱ्या दिवशी पहाटे रायगड गाठावा, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी बरीच चढण संपते. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी दोरमार्गाची सोय आहे. तिसऱ्या दिवशी पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे नरवीर तानाजी मालुसरे यांच्या समाधीचे दर्शन घेऊन घाट चढावा आणि वाटेत प्रतापगड पाहावा. या गडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराजांनी अफझलखानाचा वध केला. खानाची फौज मोठी होती. पण जावळीच्या दाट रानात व अरुंद दऱ्यांत तिला आपले बळ दाखविता आले नाही. महाराजांना तेथील वाट न् वाट ठाऊक होती. भूमीची ओळख किती मोलाची असते, याचे याहून थोर उदाहरण शोधून सापडणार नाही.

आता राहिला ऋतूचा प्रश्न. पावसाळ्यात हा मुलूख सर्वांत सुंदर दिसतो. कडे धुक्यात लपतात, दर वळणावर एखादा धबधबा कोसळत असतो आणि रानावर गर्द हिरवा रंग चढतो. परंतु याच ऋतूत त्याचे रूप सर्वांत उग्र असते. जून महिन्यात, २००४ साली, करंजाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे एक जलद गाडी घसरली व प्राणहानी झाली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीला महापूर आला आणि महाडजवळचा इंग्रजी अमदानीतला दगडी पूल वाहून गेला. काळोखात हे कोणास दिसणार? एस. टी. च्या दोन गाड्या व आणखी काही वाहने नदीत पडली आणि अनेक माणसे दगावली. जवळच काम करणाऱ्या एका कारागिराच्या हा प्रकार ध्यानात आला. त्याने तत्काळ इतरांना सावध केले, म्हणून मागून येणारी वाहने बचावली. पुढे २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुरात बुडाले. त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. आंबेनळी घाटाचा रस्ताही तेव्हा ठिकठिकाणी खचला.

या घटना वाचून कोणी प्रवासच सोडून द्यावा, असे मात्र नाही. त्यांतून माणसे शहाणी झाली आहेत. कोकण रेल्वेचे पावसाळ्याचे वेळापत्रक निराळे असते. त्या दिवसांत गाड्या सावकाश धावतात आणि गस्तवाले भर पावसात रुळांवरून चालत दरडींची पाहणी करतात. सावित्रीवर एका वर्षाच्या आत, जून २०१७ मध्ये, नवा पूल उभा राहिला. धोका दिसला, की जिल्ह्याचे अधिकारी घाट बंद ठेवतात. प्रवाशाने अशा वेळी कुरकुर करू नये. गाडी दोन तास उशिरा पोहोचली, याचा अर्थ कोणीतरी तिची काळजी वाहिली, असाही असतो.

शहाणा प्रवासी म्हणून आपल्या टिपणवहीत स्थळांच्या यादीबरोबर आणखी काही प्रश्न लिहितो. हवामान खात्याचा इशारा काय आहे? घाट खुला आहे काय? एक वाट बंद पडली, तर दुसरी कोणती? महाबळेश्वरहून महाडला परतण्यास पाचगणी, वाई व भोरवरून वरंध घाटाचीही वाट आहे. पण पावसाळ्यात तीही पुष्कळदा बंद असते. मग एक दिवस अधिक थांबण्याची तयारी आहे काय? ज्या आखणीत एक दिवस मोकळा राखलेला नाही, ती आखणी अपुरीच समजावी.

हाच विचार वाळवंटाच्या प्रवासासही लागू पडतो, मात्र उलट रीतीने. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर राजस्थानातील जैसलमेरला जेमतेम दोनशे मिलिमीटरांच्या आसपास पडतो. सह्याद्रीतील प्रवासी पाणी फार झाले तर काय, याची चिंता करतो. जोधपूरहून जैसलमेरकडे निघालेला प्रवासी पाणी पुरेल ना, याची चिंता करतो. तो हिवाळा निवडतो आणि भर दुपारची वाट टाळतो. प्रश्न निरनिराळे असले, तरी दोघेही ते त्या त्या भूमीलाच विचारतात.

महाबळेश्वरच्या पश्चिम कड्यावर उभे राहिले, की खाली कोकणचा मुलूख पसरलेला दिसतो. निरभ्र दिवशी दूरवर डोंगरांच्या रांगांमागून रांगा मावळत जातात. ज्याने नकाशा नीट वाचला आहे, त्याला त्या दृश्यात आपण आलो ती वाट ओळखता येते. सावित्रीचे खोरे कोठे, पोलादपूर कोणत्या बाजूस, महाड त्याच्या पलीकडे किती दूर, हे तो सोबत्यांना बोट दाखवून सांगतो. घरी नकाशावर फिरलेले बोट आता खऱ्या डोंगरांवरून फिरत असते. केलेल्या आखणीचे याहून मोठे फळ दुसरे नाही.

स्वाध्याय

१. महाड तालुक्यात आगगाडी येण्यास विलंब का लागला?
२. घाटरस्त्यात वळणे का घ्यावी लागतात?
३. ‘गाडी दोन तास उशिरा पोहोचली, याचा अर्थ कोणीतरी तिची काळजी वाहिली, असाही असतो.’ या वाक्याचा आशय आपल्या शब्दांत लिहा.
४. आपल्या गावाहून जवळच्या एखाद्या डोंगरी स्थळापर्यंतच्या तीन दिवसांच्या प्रवासाची आखणी करा. तीत ऋतू, अंतर, लागणारा वेळ व पर्यायी वाट यांचा उल्लेख असावा.