लोकरीतील मेण

वाटीत तेल व पाणी घेऊन कितीही घुसळा. थोड्याच वेळात तेल वर तरंगू लागते. मग त्वचेला लावावयाच्या मलमात ही दोन्ही एकजीव कशी राहतात? तेथे त्यांना एकत्र ठेवणारे एखादे द्रव्य असते. लॅनोलिन हे असेच एक द्रव्य होय. ते मेंढीच्या लोकरीतील मेणापासून मिळते. हे मेण शुद्ध करण्याची रीत जर्मनीत लीब्राइख व ब्राउन यांनी १८८२ साली बसविली. लॅनोलिनच्या रेणूचा एक भाग पाण्याला बिलगतो, तर दुसरा तेलाला. त्वचेवर त्याचा पातळ थर बसला म्हणजे आतील ओलावा लवकर उडून जात नाही आणि भेगाळलेली टाच मऊ होते. मात्र कोणाकोणाच्या त्वचेला ते सोसत नाही; यास्तव प्रथम थोडेसेच लावून पाहावे. लोकर धुताना मळ म्हणून वाहून जाणाऱ्या पदार्थातही असा गुण दडलेला असतो!