ग्लान्झमान आणि पायातली गुठळी : पैसे नेमके कुठे जातात?

ज्याचं रक्त थांबत नाही त्याच्या शिरेत गुठळी होईलच कशी, असं घरच्यांना वाटतं. कधीकधी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनाही वाटतं. क्वचित होते, पण होते. ग्लान्झमान थ्रोम्बॅस्थेनिया हा आनुवंशिक आजार स्विस बालरोगतज्ज्ञ एडुआर्ड ग्लान्झमान यांनी 1918 मध्ये नोंदवला. यात प्लेटलेटची संख्या नेहमीसारखी असते, पण त्या एकमेकींना धरत नाहीत. शिरेतली गुठळी मात्र मुख्यतः फायब्रिनच्या जाळ्यावर उभी राहते आणि ते जाळं विणण्याची क्षमता या रुग्णांत शाबूत असते. त्यात मोठं ऑपरेशन, अंथरुणाला खिळणं, मोठ्या शिरेत घातलेली नळी, बाळंतपण किंवा पाळीचा अतिस्राव आवरायला दिलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या यांची भर पडली, की धोका वाढतो. रक्तस्राव थांबवण्याची औषधंही धोका वाढवणाऱ्या या कारणांत मोडतात.

पाय सुजला की पहिला खर्च तपासणीचा. इथे पैसे वाचवता येतात. डी-डायमर ही रक्ततपासणी अनेक ठिकाणी सवयीने लिहून दिली जाते, पण स्नायूत रक्त साकळलं असेल तरी ती वाढलेली येते. या रुग्णांत सुजेचं कारण तेही असू शकतं. म्हणून थेट पायाच्या शिरांचा डॉपलर करून घ्यावा. खासगीत साधारण दीड ते चार हजार रुपये लागतात, पालिकेच्या किंवा सरकारी रुग्णालयात नाममात्र. गुठळी आणि साकळलेलं रक्त यांचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत, तेव्हा हा खर्च टाळू नका.

रक्त पातळ करणारी औषधं पुढे येणाऱ्या खर्चाच्या मानाने स्वस्त पडतात. वॉरफरिनची गोळी काही रुपयांना मिळते, पण रक्त किती पातळ झालं ते पाहणाऱ्या आयएनआर तपासणीच्या फेऱ्या मागे लागतात. रिवारोक्साबॅनच्या जेनेरिक गोळ्या आल्यापासून तेही आवाक्यात आलं आहे. एनॉक्झापॅरिनच्या इंजेक्शनला काही शे रुपये, तेही सहसा दिवसातून दोनदा. मात्र इथे स्वस्त-महाग पाहून निवड करू नये. सुरुवातीला डॉक्टर शिरेतून साधं हेपॅरिन देऊ पाहतील तर ते जुनाट म्हणून नाकारू नका. रक्तस्राव सुरू झाला तर ते बंद केल्यावर काही तासांत उतरतं आणि प्रोटामिन देऊन त्याचा परिणाम पुसता येतो. ऑपरेशनसारखं तात्पुरतं कारण असेल तर उपचार साधारण तीन महिन्यांचा. रक्त पातळ करणं शक्यच नसेल तर पोटातल्या मोठ्या शिरेत फिल्टर बसवतात. तो काढता येणारा आहे का आणि काढण्याचं बिल वेगळं किती, हे बसवण्याआधी विचारा.

खरा पैसा जातो तो गुठळीचा उपचार चालू असताना रक्तस्राव आवरण्यात. राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेच्या 2022 च्या दरांप्रमाणे साध्या प्लेटलेटच्या पिशवीचं प्रक्रिया शुल्क सरकारी रक्तपेढीत 300 आणि खासगीत 400 रुपये. विशेष तपासण्यांचे पैसे त्यावर वेगळे. एकाच दात्याकडून काढलेल्या पिशवीला, म्हणजे एसडीपीला, साधारण दहा-बारा हजार पडतात. तरी या आजारात शक्यतो एसडीपीच घ्यावी. वेगवेगळ्या दात्यांच्या पिशव्या वारंवार चढवल्या तर शरीर प्लेटलेटविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं आणि पुढे पिशवी चढवूनही उपयोग होत नाही. मग उरतं रिकॉम्बिनंट फॅक्टर सात-ए हे रक्त गोठवणारं इंजेक्शन. त्याचा नेहमीचा डोस किलोमागे 90 मायक्रोग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला एका वेळी जवळजवळ साडेपाच मिलिग्रॅम, आणि तो दोन-अडीच तासांनी पुन्हा. एक मिलिग्रॅमची कुपीच हजारो रुपयांची असल्याने एका दिवसाचं बिल लाखांत जातं. शिवाय याच औषधाने गुठळी होऊ शकते. गुठळीच्या रुग्णाला ते सुरू करत असतील तर हिमॅटॉलॉजिस्टला विचारलं का, हे नातेवाइकांनी स्पष्ट विचारावं.

मदतीच्या बाबतीत या रुग्णांवर उघड अन्याय आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात रक्ताचे तीनच आजार आहेत : हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल. प्राप्तिकराच्या 80 डीडीबी कलमाखालच्या यादीत तर हिमोफिलिया आणि थॅलेसेमिया एवढेच. तेव्हा सवलत वेगळ्या दारांनी मिळवावी लागते. महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांचं कवच आहे. आपला उपचार त्यात बसतो का, हे दाखल होतानाच आरोग्यमित्राला विचारावं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बलांसाठी सवलतीत राखीव असतात; वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000 रुपये. तहसीलदारांचा दाखला आधीच काढून ठेवा, आयत्या वेळी मिळत नाही. निदानाचा पक्का कागद नसेल तर मुंबईत परळला, केईएमच्या आवारात, राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्थेत विचारा.

आरोग्य विमा घेताना आजार लपवू नका. आनुवंशिक म्हणून सरसकट वगळायला विमा नियामकाने 2018 मध्येच मनाई केली आहे आणि आधीपासूनच्या आजारासाठी थांबण्याची मुदत 2024 पासून जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. लपवलेला आजार उघड झाला तर दावा फेटाळला जातो, आणि सात-ए चं बिल त्याच दिवशी हातात पडलेलं असतं.