खेळांची यादी मागितलीस म्हणून

चि. सायलीस,


तुझं पत्र पोचलं. दुसरीच्या मुलांना गणिताचा तास नकोसा झालाय, म्हणून वर्गात घ्यायच्या खेळांची यादी धाड, असं लिहिलं आहेस. यादी धाडत नाही. अशा याद्या प्रत्येक प्रशिक्षणात मिळतात आणि कपाटात जाऊन पडतात. खेळ पारखायचा कसा, तेवढं सांगते. जे शिकवायचं ते डोक्यात आणल्याशिवाय ज्यात पुढची चालच करता येत नाही, तो खेळ वर्गात आणावा. उत्तर बरोबर आलं की फुगा फोडायचा, ही तोंडी परीक्षाच झाली. फुगा वरून चिकटवलेला.

सापशिडीच घे. सोंगटी तेविसावर आहे, फाशात चार पडले, की मूल "एक, दोन, तीन, चार" म्हणत घरं ओलांडतं. चारपर्यंत मोजता त्याला बालवाडीपासून येतंय. मग पटावरच्या शंभर आकड्यांचा उपयोग काय? त्याला "चोवीस, पंचवीस, सव्वीस, सत्तावीस" असं घरातला आकडा वाचत जायला लाव. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीगलर या अमेरिकी अभ्यासकांनी शंभर घरांच्या पटावर नेमकं हेच तपासून २०१४ साली प्रसिद्ध केलं. घरातले आकडे म्हणत जाणाऱ्या मुलांची संख्यांची जाण वाढली. दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांना तसा फायदा झाला नाही. आपल्या मुलांची गाडी एकोणतीस, एकोणचाळीस इथे अडेल. अडू दे, लगेच सांगू नकोस. शेजारचा सांगतोच.

हातच्याच्या वजाबाकीला मात्र काड्या हव्यात. खराट्याच्या चालतील, आणि मूठभर रबरबँड. चार-चार मुलांचे गट कर, गटाला दोन फासे. जितके पडतील तितक्या सुट्या काड्या घ्यायच्या, दहा झाल्या की रबर लावून गठ्ठा बांधायचा. हा खेळ मुलांच्या हातात बसला की उलटा लाव: प्रत्येकाकडे पाच गठ्ठे, आणि फाशात पडेल तेवढ्या काड्या परत करायच्या. आता सात पडले आणि सुटी काडी एकही नाही! मूल गठ्ठ्याकडे बघतं, मग तुझ्याकडे बघतं. तू गप्प राहायचं. थोड्या वेळानं ते आपणहून रबर सोडतं, सात मोजून देतं आणि उरलेल्या तीन काड्या बाजूला ठेवतं. हातचा म्हणतात तो हाच, पण तो शब्द त्या क्षणापर्यंत उच्चारू नकोस. मग लगेच फळ्यावर ५० मधून ७ ची उभी मांडणी कर आणि कुठला आकडा म्हणजे कुठला गठ्ठा, ते मुलांकडूनच वदवून घे. काड्या आणि आकडे यांचा सांधा आपोआप जुळत नाही. पुष्कळ शिक्षक इथेच कमी पडतात. घंटा होते, काड्या गोळा होतात आणि हाती उरते नुसती मजा.

जो चुकेल तो बाद, असले खेळ टाळ. ज्याला सरावाची सर्वांत जास्त गरज, तोच पहिल्यांदा भिंतीला टेकून बसतो. पेन्सिली, चॉकलेटं वाटणंही मला पसंत नाही; पुढच्या वेळी मुलं "आज काय मिळणार?" असं विचारतात.

गोंगाट होणारच. मुख्याध्यापकांना आधी सांगून ठेव, शक्यतो वर्गात बोलावून एका गटात बसव. "शाळेत नुसतं खेळवतात" म्हणणाऱ्या पालकांनाही तोच उपाय.

साहित्य विकत आणायच्या फंदात पडू नकोस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांची बालवाडी चालवली ती पानं, बिया, शंख-शिंपले अशा सभोवताली मिळणाऱ्या वस्तूंवर. तुझ्या शाळेमागं चिंचेची झाडं आहेत ना? चिंचोके जमव. एका बाजूनं घासून पांढरे केले की फासेही तेच.

पाठ्यपुस्तकातला प्रत्येक धडा खेळात बसवायचा हट्टही नको. पाढे पाठच करावे लागतात, आणि ते तालात म्हणायला मुलांना आवडतातही.

तेव्हा सोमवारी फक्त काड्यांचा खेळ लाव. कोण कुठे अडलं, ते त्याच दिवशी वहीत टिपून ठेव आणि मला कळव.

तुझी,
आत्या